गिरगाव ते दादर : जमिनीखालचा केसपेपर

परळला केईएम किंवा टाटा रुग्णालयाच्या दारात सकाळी उभे राहिले, तर बहुतेकांच्या हातात एक गोष्ट दिसते : प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेली फाइल. जुना केसपेपर, एक्स-रे, रक्ताचे अहवाल. डॉक्टरही आधी तीच मागतात. रुग्णाचे आधीचे काहीच ठाऊक नसताना शस्त्रक्रियेला हात घालायला कोणी धजावत नाही. ही रुग्णालये ज्या जमिनीवर उभी आहेत, तिच्यावर मात्र गेल्या दहा वर्षांत एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि अजून होत आहेत. तिची फाइल आहे, पण ती एका जागी नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग, २७ स्थानके, त्यांतली २६ जमिनीखाली. काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, दादर ही नावे आता पाट्यांवर आली आहेत. त्याआधी मलबार हिलच्या पोटातून सागरी किनारा मार्गाचे दोन किलोमीटरहून थोडे लांब असे जुळे बोगदे गेले. त्यासाठी वापरलेल्या ‘मावळा’ यंत्राचा व्यास १२.१९ मीटर, म्हणजे साधारण चार मजली इमारतीएवढा. अमर महालपासून वडाळ्यामार्गे परळपर्यंत जवळपास दहा किलोमीटरचा जलबोगदा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह या रस्त्याच्या बोगद्याचे यंत्रही सुरू झाले. ते जुन्या वस्तीखालून, रेल्वेमार्गांखालून आणि मेट्रो ३ च्याही खालून जाणार आहे. भरीला लालबाग-परळमधल्या गिरण्यांच्या जागेवरचे टॉवर, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळीच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास, गिरगावातल्या उपकरप्राप्त इमारतींच्या जागी येणाऱ्या नव्या इमारती. या प्रत्येक कामाआधी जमिनीत बोअर घेतले जातात आणि खडकाचे दंडगोल तुकडे, म्हणजे ‘कोअर’, बाहेर काढून पेट्यांत क्रमाने लावले जातात. मुंबई बेट इतक्या ठिकाणी आणि इतक्या खोलवर याआधी कधीच तपासले गेले नव्हते.

भूवैज्ञानिकांसाठी ही दिवाळीच म्हणायला हवी. त्यांच्या परिषदांमध्ये दख्खनच्या दगडावर होणारी चर्चा मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नाभोवती फिरते. दख्खनचे लाव्हा नेमके कधी वाहिले, किती वेगाने वाहिले आणि डायनोसॉर नष्ट होण्यात त्यांचा वाटा किती, हा जगभरचा आवडता विषय आहे. तो महत्त्वाचा आहेच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर अशनी आदळला त्याच्या आसपासच्या दहा लाख वर्षांहून कमी काळात दख्खनचा बहुतांश लाव्हा बाहेर पडला, हे अलीकडच्या अचूक कालमापनाने दाखवले. दिल्लीत मार्च २०२० मध्ये भरणारी ३६ वी आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक काँग्रेस कोविडमुळे पुढे गेली आणि अखेर मार्च २०२२ मध्ये ऑनलाइन उरकावी लागली. १९६४ नंतर भारताला मिळालेली ती पहिली संधी होती. जगातले संशोधक सह्याद्रीच्या कड्यांवर हात ठेवून बोलतील ही अपेक्षा तेव्हा राहून गेली. पण ती परिषद ठरल्याप्रमाणे झाली असती, तरी गिरगावच्या रहिवाशाला पडणारा प्रश्न तिच्यात कितपत आला असता, ही शंकाच आहे. त्याचा प्रश्न साधा आहे : ‘माझ्या चाळीखाली काय आहे?’

या प्रश्नाचे उत्तर मुंबईत अवघड आहे आणि त्याचे कारण पूर्णपणे भूवैज्ञानिक आहे. पुण्याहून घाट उतरताना कड्यांवर आडवे थर दिसतात, एकावर एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. एका ठिकाणी बोअर घेतला की शेजारच्या डोंगरात काय असेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. मुंबईत ही शिस्त मोडते. पनवेलच्या बाजूला हे थर पश्चिमेकडे वाकतात आणि समुद्राच्या दिशेने कलतात. शिवाय इथला लाव्हा बऱ्याच ठिकाणी पाण्यात ओतला गेला. पाण्यात शिरलेला लाव्हा झटकन थिजतो आणि उशांसारखे गोळे तयार होतात. शिवडी-वडाळ्याच्या बाजूला असे ‘उशी लाव्हा’ नोंदले गेले आहेत. काही ठिकाणी तो फुटून तुकडे झाला आणि ते तुकडे राखेत पुन्हा जोडले गेले. या खडकाला ब्रेशिया म्हणतात; मुंबईत बोगदे खणणाऱ्या अभियंत्यांच्या तोंडी हा शब्द कायम असतो. दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात इथे तळी आणि दलदल होती. त्यांच्या तळाचा गाळ पुढे शेल नावाचा पापुद्र्यांचा खडक झाला. ज्वालामुखीची राख घट्ट होऊन टफ झाला. काळा बेसॉल्ट पोलादासारखा टणक, तर टफ आणि शेल हवा-पाणी लागताच भुसभुशीत होणारे. हे सगळे शंभर-दोनशे मीटरच्या आत बदलू शकते. एका बोअरमध्ये दहा मीटरवर ठणठणीत दगड लागला म्हणून पलीकडच्या गल्लीतही तो तिथेच लागेल, असे इथे म्हणता येत नाही.

मुंबईचा दगड दख्खनमधला सर्वांत जुना नाही, उलट उशिराचा आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे वय सर्रास ६ कोटी ६० लाख वर्षे सांगितले जाते. २००१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार ते सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षे निघाले. म्हणजे डायनोसॉर जाऊन पन्नास लाख वर्षे उलटली, तरी या किनाऱ्यावर ज्वालामुखी जागे होते. पर्यटनाच्या माहितीत जुनाच आकडा फिरत राहतो, ते असो.

गंमत म्हणजे मुंबईच्या भूविज्ञानाची सुरुवात डॉक्टरांनी केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लष्करी शल्यचिकित्सक असलेल्या हेन्री जॉन कार्टर यांनी मुंबई बेटाच्या भूविज्ञानावर निबंध लिहिला. तो १८५२ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आला. वरळीच्या टेकडीखालच्या शेलमध्ये इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले होते. ‘डायनोसॉर’ हा शब्द ज्यांनी घडवला त्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. आज तो बेडूक इंडोबॅट्रॅकस या नावाने ओळखला जातो. त्याच थरांत मिळालेल्या कासवाला कार्टर यांनी डॉ. लीथ यांचे नाव दिले. हे लीथ म्हणजे १८६४ मध्ये मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिणारे डॉक्टर. कासवाचे जीवाश्म आणि गटारांचा अहवाल एकाच माणसाच्या टेबलावर असणे तेव्हा कोणाला विचित्र वाटत नव्हते. शहरात रोग कुठे साठतो हे समजायचे तर पाणी कुठे साठते हे पाहावे लागते आणि त्यासाठी जमीन वाचावी लागते, हे त्या पिढीला पक्के ठाऊक होते.

जमिनीचा तो जुना नकाशा नावांमध्ये अजून शिल्लक आहे. पश्चिमेला मलबार हिल ते वरळी ही दगडाची एक रांग, पूर्वेला डोंगरी, माझगाव, शिवडी, अँटॉप हिल ही दुसरी. मध्ये खोलगट भाग. वरळीच्या खिंडाराने भरतीचे पाणी आत येई आणि भायखळ्यापर्यंतचा सखल भाग खारवट होई. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध पडला आणि समुद्र बाहेर राहिला. आत राहिली ती चिखलाची जमीन. पायधुणी, उमरखाडी ही नावे त्या पाण्याची आठवण आहेत. याउलट गिरगाव मलबार हिलच्या पायथ्याशी, बॅक बेच्या वाळूवर वसले. त्या वाळूत माड आणि फळबागा होत्या. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावे त्याच काळची. पुढे पूर्वेकडच्या टेकड्या फोडून सखल भागांत भराव पडला आणि त्यावर गिरण्या, चाळी, रेल्वे आली. त्यामुळे लोअर परळ, करी रोडच्या आसपास वरून खाली जाताना आधी भराव, मग काळी सागरी चिकणमाती, मग कुजका मुरूम आणि शेवटी खडक असा क्रम लागू शकतो. गोलंजी हिलकडे सरकले की खडक लगेच वर येतो.

प्रिन्सेस डॉकसाठी १८७० च्या दशकात खोदकाम झाले, तेव्हा चिखलाखाली खैराच्या झाडांचे आख्खे जंगल सापडले. कित्येक खोडे मुळांसकट उभीच होती. जिथे आता भरतीचे पाणी चढते, तिथे कधीकाळी कोरडी जमीन होती, याचा तो साक्षात पुरावा. तो गोदीच्या कंत्राटाने मिळवून दिला आणि त्याची नोंद ठेवणारे अभियंते तिथे हजर होते म्हणून टिकला.

हे सगळे गतवैभव म्हणून सांगायचे नाही. पालिकेच्या आजच्या फायलींत त्याचे पडसाद उमटतात. हिंदमाताला पाणी का तुंबते, याचे पहिले कारण ती बशी आहे हेच. नालेसफाई नंतर येते. पालिकेने परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली पावसाचे पाणी तात्पुरते साठवण्याच्या टाक्या बांधल्या, तेव्हा ‘हे पाणी भरतीच्या वेळी बाहेर जाणारच नाही’ हे वास्तव तिने एका अर्थी मान्य केले. २६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस नोंदींतल्या सर्वांत लवकरच्या तारखेला मुंबईत पोहोचला. त्याच दिवशी आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले. बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशद्वाराजवळची पाणी अडवणारी भिंत कोसळली होती. खडकाचा त्यात दोष नव्हता. पण वरळीच्या ज्या पट्ट्यात दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी समुद्र आत येत होता, तिथे जमिनीत तोंड उघडे ठेवले की पाणी वाट शोधणारच.

५ ऑगस्ट २०२० च्या रात्री कुलाब्याला चोवीस तासांत ३३० मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला आणि मलबार हिलवरच्या बी. जी. खेर मार्गाचा कठडा, माती, झाडे खाली एन. एस. पाटकर मार्गावर आली. या टेकडीचा माथा टणक बेसॉल्टचा आणि त्याखाली पाण्याने मऊ होणारे थर, ही रचना कार्टर यांच्या काळापासून माहीत आहे. माहीत असणे आणि रस्त्याची संरक्षक भिंत बांधताना ते समोर असणे यांत मात्र बरेच अंतर असते.

गिरगाव-काळबादेवीकरांनी मेट्रोच्या कामाची सात-आठ वर्षे काढली, ती वेगळ्या भीतीत. शंभर वर्षांची भारवाहक भिंतींची घरे, उथळ पाया आणि खाली खोदकाम. इथे जागा इतकी अरुंद की वरून मोठा खड्डा घेऊन स्थानक बांधणे शक्य नव्हते. म्हणून थोडे खणायचे, लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, खडकात बोल्ट ठोकायचे, मग पुढे सरकायचे, अशा पद्धतीने स्थानकांचा भाग कोरला गेला. घरांच्या भिंतींवर तडे मोजण्याच्या पट्ट्या आणि झुकाव मोजणारी यंत्रे लागली. रहिवाशांना कंपनांची धास्ती होती, ती साहजिक होती. तज्ज्ञांना मात्र कंपनांहून जास्त काळजी पाण्याची असते. चिकणमाती किंवा भराव पाण्याने फुगलेला असतो. शेजारी खोल तळघर किंवा बोगदा खणताना पंप लावून ते पाणी उपसले, की माती आकसते आणि वरची जमीन दबते. ती सगळीकडे सारखी दबत नाही. एक कोपरा अर्धा इंच खाली गेला की दाराची चौकट अडते आणि भिंतीला तिरका तडा जातो. बोगद्याच्या कामात ही मोजमापे ठेवली जातात. तीन-चार मजली तळघर खणणाऱ्या खासगी टॉवरच्या शेजारच्या चाळीला अशा नोंदी बघायला मिळणे दुर्मीळच.

विहिरींचेही तसेच. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाच्या कारणांवर अहवाल दिला आणि डासांची पैदास घराघरांतल्या विहिरींत होते हे दाखवले. मग विहिरी बुजवण्याची आणि झाकण्याची मोहीम निघाली. धार्मिक विधींसाठी विहिरीचे पाणी लागणाऱ्या हिंदू आणि पारशी कुटुंबांनी तिला विरोध केला. आरोग्याच्या दृष्टीने बेंटली बरोबर होते. पण त्या विहिरी जमिनीखालच्या गोड्या पाण्याचा नकाशाही होत्या. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर समुद्रापासून इतक्या जवळ असूनही गोडी आहे. वाळूत आणि कुजक्या खडकात मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते म्हणून हे घडते. बुजवलेल्या विहिरींच्या जागा विस्मरणात गेल्या, आणि त्यांच्यासोबत कुठली जमीन पाणी मुरवते आणि कुठली नाही, हे ज्ञानही. २००२ पासून एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजलसंचय सक्तीचा झाला. पुढे ही मर्यादा बदलत गेली. नियम सगळ्या शहराला एकच. गिरगावच्या वाळूत पाणी मुरवण्याचा खड्डा चालतो. लोअर परळच्या चिकणमातीत, जिथे पावसाळ्यात भूजल हाताच्या अंतरावर असते, तिथे तोच खड्डा डबके होतो आणि डासांची सोय होते. तिथे टाकी बांधून पाणी साठवणे शहाणपणाचे. मलेरिया आणि डेंग्यूचे रुग्ण मोजणारे आरोग्य खाते आणि पर्जन्यजलसंचयाचा दाखला तपासणारे खाते एकाच पालिकेत आहेत.

भूकंपाचा मुद्दा काढला की लोक दचकतात, पण तो टाळण्यात अर्थ नाही. २०१६ च्या भारतीय मानकानुसार मुंबई मध्यम धोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रात आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का मुंबईने अनुभवला होता. केंद्र दूर असले तरी मऊ मातीचा जाड थर लाटा वाढवतो. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या आणि पुढच्या अभ्यासांत बांधकामाच्या त्रुटींबरोबर साबरमतीच्या जुन्या गाळाचा उल्लेख आला. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत, जुन्या तलावाच्या तळावर, हेच फार भीषण रूपात दिसले होते. दादर-परळमधले उंच टॉवर खडकापर्यंत पाया नेऊन आणि गणित करून बांधले जातात. त्यांच्या पायथ्याच्या तीन-चार मजली जुन्या इमारतींसाठी असे गणित कोणी केलेले नाही. मातीचा थर कुठे दोन मीटर आहे आणि कुठे पंधरा, हे कळले तर दुरुस्तीचा पैसा आधी कुठे लावायचा ते ठरवता येईल.

ते कळण्याजोगी माहिती या शहराने आता पैसे मोजून मिळवली आहे. मेट्रोच्या नोंदी एका महामंडळाकडे, रस्ते-बोगद्यांच्या दुसऱ्या प्राधिकरणाकडे, जलबोगद्याच्या पालिकेकडे, टॉवरच्या विकासकांच्या सल्लागारांकडे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे खुले आहेत, पण त्यांचे नेहमीचे प्रमाण १:५०,००० असते. त्यात गिरगाव ते दादर हे सात किलोमीटरचे अंतर १४ सेंटीमीटरमध्ये बसते. खोताची वाडी पेन्सिलीच्या टोकाखाली झाकली जाते. खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहितीसाठा सुरू केला. त्याचा भर खनिजांच्या शोधावर आहे, आणि लालबागखाली लिथियम नाही.

ब्रिटनमध्ये ठरावीक खोलीपेक्षा खोल बोअरची माहिती तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला देण्याचा कायदा १९२६ पासून आहे. आज दहा लाखांहून जास्त बोअरच्या नोंदी तिथे आहेत आणि त्यांतल्या बहुतेक कोणालाही नकाशावर टिचकी मारून फुकट पाहता येतात. नेदरलँड्सने २०१८ पासून सरकारी संस्थांना जमिनीखालची माहिती एका राष्ट्रीय नोंदवहीत भरण्याचे बंधन घातले. चिखलावर उभ्या असलेल्या देशाला त्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. मुंबईत त्यासाठी नवे कार्यालयही नको. उंच इमारतीच्या परवानगीसाठी माती-खडक तपासणीचा अहवाल लागतोच. त्याची एक प्रत ठरलेल्या नमुन्यात, अक्षांश-रेखांशासह, पालिकेच्या नकाशावर चढवण्याची अट घालता येते. सुरक्षेचे कारण पुढे केले जाईल, आणि मेट्रोच्या बोगद्याची नेमकी रचना उघड करू नये हे रास्तही आहे. पण अमुक ठिकाणी किती मीटरवर खडक लागला, ही माहिती गुपित ठेवून कोणाची सुरक्षा होते, हे समजणे कठीण आहे. विकासकांचा आक्षेप जास्त खरा असेल : माहिती उघड झाली की शेजारची सोसायटी प्रश्न विचारील. विचारू द्यावेत.

संशोधकांचाही यात स्वार्थ आहे आणि तो चांगला आहे. मुंबईत उघडा खडक फार थोडा उरला आहे. टेकड्या फोडल्या गेल्या, उरलेल्यांवर घरे चढली. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या सुखेश्वाला आणि सेठना यांच्यासारख्या प्राध्यापकांनी विसाव्या शतकात हा खडक बेटावर आणि उपनगरांत हिंडून अभ्यासला, तेव्हा खाणी चालू होत्या आणि कडे उघडे होते. आज तसे हिंडून मिळण्यासारखे कमी आहे. वरळीच्या बेडकाचा थर महालक्ष्मीखाली किती खोल गेला, शिवडीच्या उशी लाव्हाचा आणि मलबार हिलच्या बेसॉल्टचा संबंध काय, लाव्हाच्या दोन लोटांमध्ये इथे किती काळ शांतता होती, याची उत्तरे कोअरच्या पेट्यांत मिळू शकतात. कंत्राट संपले की त्या पेट्या फक्त जागा अडवतात. लाकडी किंवा प्लास्टिकच्या त्या पेट्यांवर खोलीचे आकडे मार्करने लिहिलेले असतात. दोन-तीन पावसाळे उघड्यावर काढले की शाई जाते, टफ आणि शेलचा चुरा होतो आणि उरतो तो नुसता दगड, कुठून आला हे न सांगणारा. ऑरेंज गेटचे यंत्र नुकतेच पुढे सरकू लागले आहे. त्या मार्गावरच्या पेट्यांवरचे आकडे अजून वाचता येत असतील.